दुसऱ्यांच्या लेकरांपाशी जागताना

साडेसातला आमच्या कुकरची शिट्टी होते, तेव्हा शेजारच्या सिस्टर रात्रपाळीला निघतात. मनोरुग्णालयात किशोरवयीन मुलींचा वॉर्ड आहे, तिथं. "बाई गं, वेड्यांच्या इस्पितळात?" भिशीत कुणीतरी विचारलंच. सिस्टर हसल्या. "अहो, तुमच्या-आमच्या घरातल्याच मुली त्या. दहावी-बारावीच्या." कुणी जेवण सोडलेली, कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालेली.

मुलगी आली की आधी सामान पाहायचं. ओढणी, नाडी, आरसा, टोकदार क्लिपा नावाच्या पिशवीत जातात. मुलींना राग येतो. म्हणून सिस्टर प्रत्येक वस्तू सांगून काढतात, चोरासारखी झडती घेत नाहीत. धोका जास्त असेल तिच्यापाशी कुणीतरी सतत बसायचं. बाकीच्यांना रात्रीतून कितीदा तरी पाहून यायचं. नुसतं पांघरूण दिसून भागत नाही, श्वास चालताना दिसावा लागतो. गोळी गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि सोबतीला घरचं माणूस किंवा त्यांनी नेमलेलं कुणीतरी लागतंच. बहुतेकदा आईच असते. ती उशाशी बसून विचारत राहते, "तुला काय कमी केलं गं आम्ही?" मग सिस्टर तिला चहाच्या निमित्तानं बाहेर नेतात. त्या म्हणतात, मुलीपेक्षा आईला समजावणं अवघड.

"जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे सरळ विचारावं," त्या सांगतात. "विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट मूल मोकळं होतं." उत्तर 'हो' आलं, तर मुलाला एकटं सोडू नये, औषधं कुलपात ठेवावीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. २०२२ पासून १४४१६ हा सरकारचा मोफत नंबरही आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

हे सगळं ठाऊक असलेल्या सिस्टरना एका सकाळी नववीतली लेक म्हणाली, "तिथल्या मुली किती झोपल्या ते लिहून ठेवतेस. मी कधी झोपते, माहीत आहे तुला?"

पर्स खांद्यालाच होती. तशाच खाली बसल्या आणि वॉर्डात विचारतात तो प्रश्न लेकीला विचारला. म्हणे, जीभ रेटेना.

"नाही गं, तसलं काही नाही," लेक म्हणाली. "पण मला तो क्लास सोडायचाय."

फी वर्षाची भरलेली. परत मिळते का, याची चौकशी चालली आहे.