जिराफाला चक्कर का येत नाही?

जिराफाचं डोकं हृदयापासून जवळपास दोन मीटर उंच असतं. तिथवर रक्त चढवायचं, म्हणून त्याचं बीपी माणसाच्या साधारण दुप्पट! एखाद्या माणसाचं एवढं भरलं तर डॉक्टर त्याला घरी सोडणार नाहीत. उलट आपलं ठणठणीत १२०/८० जिराफाला दिलं, तर गडी उभ्या उभ्या कोसळेल. म्हणजे बीपी कमी आहे की नाही, हे नुसता आकडा बघून कळत नाही. मेंदूपर्यंत रक्त पोचतंय का, हा खरा प्रश्न.

तरी डॉक्टरांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. माणसासाठी ती ९०/६० वर ओढलेली आहे. पण सडपातळ, चपळ अशा कितीतरी बायका या रेघेच्या आसपास आयुष्य काढतात आणि त्यांना काही होत नाही. नुसत्या कमी बीपीला आजार म्हणायचं की नाही, यावर देशादेशांतही एकमत नाही. जर्मनीत त्यावर वर्षानुवर्षं औषधाचे थेंब दिले गेले, आणि ब्रिटिश डॉक्टर त्याला ‘जर्मन रोग’ म्हणून चिडवत राहिले. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत त्यांचं सरासरी बीपी ९५/६१ च्या आसपास भरलं. वय वाढलं तरी ते चढत नाही!

मग घेरी येते ती कशाने? खुर्चीतून उठताना अर्धा-पाऊण लिटर रक्त सरळ पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांमधले पहारेकरी लगेच मेंदूला कळवतात, हृदय वेग धरतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. यात कुठे उशीर झाला की डोळ्यांपुढे अंधारी! उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने घसरलं, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. कारणं बहुतेक घरातलीच असतात: विदर्भातला मे महिना आणि पोटात पाणी नाही, जुलाब, लांबलेलं आजारपण, नसांवर परिणाम झालेला जुना मधुमेह. आणि हो, गोळ्या. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या. आजोबांच्या चकरेचं मूळ त्यांच्या औषधांच्या डब्यात सापडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. (म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.)

पायांत उतरलेलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचं. पण त्या हलल्या तरच! लंडनमध्ये राजाच्या संचलनात ताठ उभे असलेले धडधाकट सैनिक अधूनमधून धाडकन पडतात ते याच कारणाने. झेंडावंदनाला उन्हात पडणाऱ्या पोरांचंही तेच. बुटातल्या बुटात बोटं हलवत राहावीत, पोटऱ्या आवळाव्यात. गुरुजींना दिसत नाही.

भरपेट श्रीखंड-पुरी झाल्यावर म्हाताऱ्या माणसांचं बीपी घसरतं, कारण रक्ताची ओढ आतड्यांकडे असते. रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करणारे पुरुषही असेच पडतात. उपाय फुकट आहे: बसून करा.

सगळ्यात तऱ्हेवाईक प्रकार म्हणजे रक्ताची भीती. साप, पाल, उंची यांना घाबरलं की बीपी चढतं. रक्त किंवा सुई दिसली की मात्र काही जणांचं आधी चढतं आणि मग धपकन उतरतं. अशा माणसाला ‘अंग सैल सोड’ सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याने हातापायांचे स्नायू घट्ट आवळायचे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान उस्ट यांनी हीच युक्ती उपचार म्हणून रुजवली.

बीपी मुद्दाम उतरवण्याच्या विद्येत सापाचा संबंध दोनदा येतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि आपली ही जुनी वनस्पती जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आली. तिकडे ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातून मिळालेल्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली.

आता आपला लाडका उपाय. ‘बीपी लो झालं’ म्हणून तोंडात साखर कोंबतात. साखरेने रक्तातली साखर वाढते, बीपीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर लिंबू-मीठ-पाणी ठीक, पण हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ चारू नये. आधी आडवं करा, पाय उंचावर ठेवा. गंमत म्हणजे ज्यांच्या नसांचं हे नियंत्रण बिघडलेलं असतं, त्यांच्यात अर्धा लिटर साधं पाणी झटपट प्यायल्यानेही बीपी चांगलंच चढतं. आणि मशीनवर डोळे मिटून विश्वास नको. हात हृदयाच्या वर धरला किंवा बारीक दंडाला मोठा पट्टा गुंडाळला, तरी आकडा कमी येतो.

मात्र अंग गार आणि घामेजलेलं, बोलणं असंबद्ध, छातीत कळ, शौचाला काळं होणं, मधमाशी चावल्यावर धाप, यातलं काहीही दिसलं तर सरबत करत बसू नका, रिक्षा बोलवा. पावसाळ्यात डेंगीचा ताप उतरला आणि बीपी १००/८० आलं, तर घरचे ‘नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होतात. इथे बघायचं ते दोन आकड्यांमधलं अंतर. ते २० किंवा त्याहून कमी झालं, तर वरचा आकडा कितीही बरा दिसो, रुग्ण त्याच रात्री हॉस्पिटलात हवा.