दोन फ्लॅट, एक घर: भिंत स्वस्त, बाकीचं महाग

बसमध्ये असाल, हेडफोन घरी राहिला असेल, तर आजचा एपिसोड इथे वाचून काढा.

प्रश्न साधा आहे. शेजारचा फ्लॅट विकायला निघालाय. तो घेतला आणि मधली भिंत पाडली, तर एकूण खर्च किती?

जुन्या जालन्यात हे थोडं उलटं वाटेल. वाड्यात भाऊ वेगळे झाले की मधे भिंत उभी राहायची. आता अपार्टमेंटमध्ये आई-बाबा जवळ हवेत म्हणून भिंत पाडायची चर्चा होते. पण भिंत पाडणं हा यातला सगळ्यात छोटा खर्च असतो.

पहिला खर्च: कागद

समजा फ्लॅट ३० लाखांचा आहे. जालना २०२३ मध्ये महापालिका झाली. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, अधिभार धरून, साधारण ६ टक्के पकडा. म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे ३० हजार. झाले २ लाख १० हजार, आणि अजून एक वीटही हललेली नाही! घर फक्त आईच्या किंवा बायकोच्या नावावर घेतलं, तर १ टक्का सवलत मिळते. म्हणजे सरळ ३० हजार वाचले.

पहिल्या फ्लॅटवर कर्ज चालू असेल, तर तोडफोडीआधी बँकेची एनओसी घ्या. तो फ्लॅट बँकेकडे तारण आहे, हे विसरू नका.

दुसरा खर्च: भिंत

जालना म्हणजे सळईचं गाव, त्यामुळे हे पटकन समजेल. सळई असते कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये. इमारतीचं वजन तेच पेलतात. मधली भिंत नुसती विटांची असेल, तर दार काढता येतं. पण जुन्या, कॉलम नसलेल्या बांधकामात भिंतच वजन पेलते. काही नव्या टॉवरमध्ये तर भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे हात लावायचा नाही.

ही भीती उगाच नाही. २५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरला एक निवासी इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. मेले ते वरच्या मजल्यांवर राहणारे लोकसुद्धा. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका. त्याचा लेखी रिपोर्ट, सोसायटीची परवानगी आणि महापालिकेच्या नगररचना विभागाचं म्हणणं, हे तिन्ही हातात आल्यावरच हातोडा.

दुसरं किचन काढून तिथे बाथरूम करायचा विचार असेल, तर खाली कुणाची बेडरूम आहे ते आधी बघा. गळती लागली की भांडण आणि दुरुस्ती, दोन्ही तुमच्याच गळ्यात.

तिसरा खर्च: दर महिन्याचा

घर एक झालं, तरी सोसायटीच्या हिशोबात फ्लॅट दोनच राहतात. सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटमागे सारखं असतं, म्हणून दोन बिलं येतात. महिन्याला दीड हजार जास्त धरले, तर दहा वर्षांत १ लाख ८० हजार. म्हणजे मुद्रांक शुल्काइतकीच रक्कम! आणि मत मात्र एका सभासदाला एकच.

विजेचं गणितही बघा. महावितरणचे पहिले १०० युनिट स्वस्त असतात. महिन्याला ३०० युनिट दोन मीटरवर निम्मे-निम्मे वाटले गेले, तर २०० युनिट स्वस्त दरात बसतात. मीटर एक केला की फक्त १००. स्थिर आकार एकदाच लागतो हे खरं, पण दोन्ही बिलं शेजारी ठेवून मगच ठरवा.

मग करायचं का?

माणसं जवळ राहणार असतील, तर जरूर करा. फक्त दोन्ही करारनामे, दोन्ही शेअर सर्टिफिकेट वेगळी जपून ठेवा. उद्या पैशांची गरज पडली, तर भिंत पुन्हा बांधून एक फ्लॅट विकता येईल. त्यासाठी दुसऱ्या फ्लॅटचं मुख्य दार आणि पाण्याची लाइन कायमची बंद करू नका.

घरच्या ग्रुपवर 'घेऊया का?' असा मेसेज पडला असेल, तर उत्तर द्यायच्या आधी हा एपिसोड तिथे पाठवा. भेटू पुढच्या भागात!