रूपावरून नाते

भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे रोप उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. निरोगी गाठ आतून लालसर दिसते. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे ते दूरचे भावंड आहे. झाडाचे व माणसाचे हे नाते कसे जुळते, ते आज पाहू. कारण नव्या औषधांच्या शोधाची एक वाट याच ज्ञानातून जाते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी ठरावीक क्रमाने ओवले जातात. मग ही माळ स्वतःभोवती वळून, दुमडून विशिष्ट आकार घेते. प्रथिनाचे काम बव्हंशी या आकारावर अवलंबून असते. वरील दोन प्रथिनांतील मण्यांचा क्रम ताडला तर साम्य थोडेच आढळते. घडण मात्र जवळजवळ सारखी. काळाच्या ओघात मणी बदलले, रूप टिकले.

प्रथिनांच्या रचनांची ‘प्रोटीन डेटा बँक’ १९७१ साली अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. आज तेथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत. शिवाय ‘अल्फाफोल्ड’ने संगणकाच्या साह्याने वर्तविलेल्या वीस कोटींहून अधिक रचना वेगळ्याच! एवढ्या पसाऱ्यात सारखे रूप शोधायचे कसे?

त्यासाठी इंटरनेटवर मोफत साधने आहेत. होल्म व सँडर यांनी १९९३ साली मांडलेली ‘डाली’ पद्धत प्रथिनातील प्रत्येक मण्याचे इतर मण्यांपासूनचे अंतर मोजून तक्ता करते आणि असे दोन तक्ते जुळवून पाहते. ‘फोल्डसीक’ हे अलीकडचे साधन आकारच वीस अक्षरांच्या लिपीत लिहून काढते. मग शब्दकोशात शब्द शोधावा तसा तो झटपट सापडतो.

“डॉक्टर, याचा आमच्या खोकल्याशी काय संबंध?” असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. क्षयाच्या जंतूचा जनुकीय आराखडा १९९८ साली वाचला गेला. त्यात सुमारे चार हजार जनुके आहेत; पण त्यांतील अनेक प्रथिनांचे काम अद्याप उमगलेले नाही. अशा अनोळखी प्रथिनाचे रूप एखाद्या ओळखीच्या प्रथिनाशी जुळले, तर त्याच्या कामाचा अंदाज येतो आणि ते बंद पाडणारे औषध शोधण्यास दिशा मिळते.

तथापि, रूप फसवेही असते. अश्रूंतील लायसोझाइम जंतूंचे कवच फोडते. दुधातील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन जवळजवळ त्याच घडणीचे, पण त्याचे काम दुधातील साखर तयार होण्यास मदत करणे! म्हणून संगणकाचे उत्तर हा केवळ सुगावा समजावा. त्यानंतर प्रयोगशाळा, प्राणी व शेवटी माणसांवरील चाचण्या, अशी कित्येक वर्षांची वाटचाल उरते.

हे सांगण्याचे कारण असे, की “संगणकाने टीबीचे नवे औषध शोधले” अशी बातमी मोबाइलवर वाचून काही रुग्ण मला विचारतात, “मग या गोळ्या कशाला?” त्यांना माझे एकच सांगणे असते. उद्याचे औषध उद्या येईल. आजच्या गोळ्या आजच घ्यायच्या आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. खोकला थांबला, वजन वाढले, तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोळ्या सोडू नका. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार अधिक कठीण होतो.