घाई करा, टॅक्स वाढतोय!

31 मार्च 2014, सोमवार, संध्याकाळचे साडेसात. टोकियोच्या एका मोठ्या मेट्रो स्टेशनवर पासाच्या काउंटरसमोर भलीमोठी रांग, आणि त्या रांगेत मी. पुण्यातून ऑनसाइट येऊन जेमतेम सात महिने झालेले. माझा पास संपायला अजून काही दिवस होते, पण ऑफिसमधल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं, आज सहा महिन्यांचा काढून टाक, उद्यापासून महाग होणार.

उद्या म्हणजे 1 एप्रिल. एप्रिल फूल वगैरे काही नाही, त्या दिवशी जपानचा कन्झम्प्शन टॅक्स 5 टक्क्यांवरून थेट 8 टक्क्यांवर जाणार होता. आपल्याकडच्या जीएसटीचा जपानी भाऊच म्हणा ना. आदल्या महिनाभरात मी जे बघितलं ते सॉलिड होतं. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी, फक्त आरडाओरडा वजा. लोक टॉयलेट रोलचे गठ्ठे दोन्ही हातांत धरून निघालेत, कोणी डिटर्जंटचे डबे, कोणी बिअरचे बॉक्स. आणि मी? मी वॉशिंग मशीन घेतलं. गरज होती का? खरं सांगायचं तर नव्हती. बिल्डिंगखाली कॉइन लॉन्ड्री होती, मस्त चाललं होतं. पण 50 हजार येनचं मशीन, आज 52,500, उद्या 54,000. दीड हजार येन वाचतायत, मग घ्यायलाच पाहिजे ना! पुणेकर मुलीच्या रक्तातच आहे ते.

जपानी लोकांकडे या प्रकाराला भन्नाट शब्द आहे, ‘काकेकोमी’. लोकलचे दरवाजे बंद होता होता धावत आत घुसणं म्हणजे काकेकोमी. स्टेशनवर दिवसभर अनाउन्समेंट चालू असते, कृपया असं करू नका. आणि टॅक्स वाढायच्या आधी दुकानात घुसणाऱ्या गर्दीलाही हाच शब्द.

प्रोफेसरांचा फंडा

आता मुद्द्याचं. मंदीत लोकांनी खर्च करावा म्हणून टॅक्स कमी करतात हे आपल्याला माहितीये. पण टॅक्स वाढवून खर्च वाढवायचा? ऐकायला येडेपणा वाटतो. पण हा विचार मांडणारा माणूस ऐरागैरा नव्हता. हार्वर्डचे मार्टिन फेल्डस्टाइन, 1980च्या दशकात अमेरिकेत रीगन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. 2002 मध्ये त्यांनी जपानलाच हा सल्ला दिला होता.

तेव्हाचा जपान डोळ्यांसमोर आणा. व्याजदर शून्याला टेकलेले, म्हणजे बँकेला आणखी खाली जायला जागाच नाही. वस्तूंच्या किमती वाढायच्या ऐवजी हळूहळू घसरतायत. अशा वेळी तुम्ही काय कराल? टीव्ही पुढच्या वर्षी स्वस्त मिळणार असेल तर आज कशाला घ्या? असं सगळेच म्हणाले की दुकानं ओस, कारखाने थंड, पगारवाढ बंद, आणि मग लोक आणखी हात आखडता घेतात.

फेल्डस्टाइन म्हणाले, सरकारने जाहीर करून टाकावं की दर तीन महिन्यांनी कन्झम्प्शन टॅक्स एक टक्क्याने वाढेल, 5 वरून पार 20 टक्क्यांपर्यंत. म्हणजे जवळजवळ चार वर्षं दर तिमाहीला एक नवीन 31 मार्च! लोकांना कळेल की थांबलो तर महाग पडेल, मग ते आजच घेतील. पण, आणि हा ‘पण’ ठळक अक्षरात वाचा, त्याच वेळी इन्कम टॅक्स तेवढाच कमी करायचा. सरकारच्या तिजोरीत एक पैसा जास्त जाता कामा नये. बाहेर दुकानात महाग, पण हातात येणारा पगार जास्त.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे एकदम सही वाटलं. माझंच उदाहरण होतं ना, नको असलेलं मशीन घेऊन बसलेली!

मग एप्रिल उजाडला

2 एप्रिलला मी त्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पाइप बदलून घ्यायला गेले. माळा भरून ओसंडत होता पंधरा दिवसांपूर्वी, आता सेल्समन जास्त आणि गिऱ्हाईक कमी. एप्रिल ते जून या तिमाहीत जपानची अर्थव्यवस्था वार्षिक दराने 7 टक्क्यांच्या आसपास आकसली. पुढच्या तिमाहीचे पहिले आकडेही उणेच आले. पंतप्रधान शिंजो आबेंनी 8 वरून 10 टक्क्यांची ठरलेली वाढ आधी 2015 वरून 2017 वर आणि मग 2019 वर ढकलली, आणि पहिल्यांदा ढकलताना संसद विसर्जित करून निवडणूकच घेऊन टाकली.

आणि माझं मशीन? मे महिन्यात तेच मॉडेल 46 हजारांना लागलं होतं. नवीन टॅक्स धरून 49,680. मी मोजले होते 52,500. रूममेट आठवडाभर हसत होती.

गंमत बाजूला ठेवू. गोची अशी झाली की जपानने प्रोफेसरांच्या सल्ल्यातला पहिला अर्धा भागच उचलला. म्हणजे त्यांचा हेतूच वेगळा होता. सरकारच्या डोक्यावर देशाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त कर्ज, म्हाताऱ्यांची संख्या वाढती, पेन्शन आणि औषधपाण्याला पैसे हवे होते. टॅक्स त्यासाठी वाढला. तोही टप्प्याटप्प्याने नाही, एका रात्रीत 3 टक्के. आणि पगार त्या वेगाने वाढले नाहीत. मग काकेकोमी म्हणजे काय झालं? मे-जूनची खरेदी मार्चमध्ये उरकली, आणि वर सगळं महाग झाल्यामुळे उरलेली खरेदीही कमी झाली. 1997 मध्ये 3 चे 5 टक्के केले तेव्हाही तात्पुरती इन्कम टॅक्स सवलत त्याच सुमारास काढून घेतली होती. दोन्हीकडून कात्री! त्या वर्षी पाठोपाठ आशियातलं चलन संकट आलं, यामाइची ही मोठी ब्रोकिंग कंपनी कोसळली, आणि पुढच्या वर्षी निवडणुकीतल्या पराभवानंतर पंतप्रधान हाशिमोतोंना राजीनामा द्यावा लागला. सगळा दोष टॅक्सचा नाही, पण जपानी राजकारणी तो किस्सा अजून विसरलेले नाहीत.

जर्मनीचा किस्सा बरा आहे. 2005च्या निवडणुकीत एक पक्ष म्हणत होता व्हॅट 16 चा 18 करू, दुसरा म्हणत होता अजिबात नको. निवडणुकीनंतर दोघांनी मिळून सरकार केलं आणि ठरवलं, 19! (शून्य आणि दोनची सरासरी तीन. इंजिनिअरिंगला असं उत्तर लिहिलं असतं तर केटी लागली असती.) पण घोषणा नोव्हेंबर 2005 मध्ये झाली आणि वाढ लागू झाली 1 जानेवारी 2007 ला. मध्ये वर्षभराचा वेळ. नंतर डाकुंटो, होआंग आणि वेबर या तीन अभ्यासकांनी ग्राहकांच्या सर्व्हेची आकडेवारी चाळली तेव्हा दिसलं की त्या काळात जर्मन लोकांना महागाईचा अंदाज आला आणि मोठ्या वस्तू घ्यायची तयारी इतर युरोपीय देशांतल्या लोकांपेक्षा वाढली. म्हणजे प्रोफेसरांचा फंडा अगदीच हवेतला नव्हता. फक्त जर्मनी तेव्हा मंदीच्या खड्ड्यात नव्हती, उलट सावरत होती. आणि 2006 ला फुटबॉल वर्ल्ड कप तिथेच होता, टीव्ही घ्यायला तेवढं कारण पुरेसं नाही का?

धावता कोणाला येतं?

मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. माझी टीम लीड तेव्हा चाळिशीची होती, आई तिच्याजवळच एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, पेन्शनवर. मार्चच्या शेवटच्या वीकेंडला आम्ही तिघी सुपरमार्केटला गेलो. लीडने गाडी भरून सामान घेतलं. आजींनी एक टॉयलेट रोलचा गठ्ठा आणि मिसोचा एक डबा. मी विचारलं, आजी, एवढंच? त्या हसून म्हणाल्या, ठेवू कुठे? आणि थोड्या वेळाने, हळूच, की पेन्शन एप्रिलच्या मध्यावर येते.

म्हणजे दरवाजे बंद व्हायच्या आधी धावत आत शिरायला आधी पाय धड हवेत. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड, गाडी आणि रिकामी खोली, त्याला काकेकोमी परवडते. इन्कम टॅक्स कमी केला तरी तो भरणाऱ्याला फायदा. आजींना इन्कम टॅक्स जवळपास नव्हताच, पण मिसोवर टॅक्स होता. फेल्डस्टाइनचा हिशेब कागदावर जुळतो, या आजींच्या पिशवीत जुळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी रक्कम थेट हातात द्यावी लागेल, आणि ती टॅक्स वाढायच्या आधी. हे केलं तर मी या कल्पनेच्या बाजूने आहे. नाही तर नाही.

पुण्यात 2025 मध्ये याच सिनेमाची उलटी रीळ बघितली. 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. बाबांनी गणपतीत मोठा टीव्ही घ्यायचं नक्की केलं होतं, ते म्हणाले, थांब गं, घाई काय आहे. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, 28 चे 18 टक्के झाले. मूळ 40 हजारांच्या टीव्हीवर चार हजार वाचले, बाबा खूश. दुकानदार काका मात्र म्हणाले, पाच आठवडे माशा मारत बसलो, पोरांचा कमिशनवर पगार असतो हो, त्यांचा गणपती कोरडा गेला. टॅक्स चढो की उतरो, लोक तारखेकडे बघून खरेदी करतात. थांबायला लावलं की थांबतात, पळायला लावलं की पळतात.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये जपानचा टॅक्स अखेर 10 टक्के झाला, पण घरी न्यायच्या खाण्यावर 8 च ठेवला. दुकानातल्या टेबलावर बसून तेच खाल्लं तर 10. लीडने चॅटवर लिहिलं होतं, आई आता डबा विकत घेते आणि समोरच्या बागेत बसून खाते.

आणि हो, वॉशिंग मशीन. परत येताना ‘सायोनारा सेल’ लावला, तिथे राहणारे सगळेच परदेशी लावतात तसा. नाशिकच्या एका ज्युनिअरने ते 8 हजार येनला उचललं. मशीन खाली नेता नेता त्याने विचारलं, ताई, यात टॅक्स धरलाय की वेगळा?