मोकळ्या महिन्यांत संघ बांधतात

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ते पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. परंतु आजचा विषय झऱ्यांचा नाही. सवला जा, नाहीतर पोलादपूरच्या बाजूला एखाद्या डोंगरातल्या वाडीत जा, आणि तिथल्या शेतकऱ्याला विचारा, "भाताचे काम सुरू तरी केव्हा होते?" तो मृग नक्षत्राचे नाव सांगणार नाही. तो म्हणेल, काम कापणीलाच सुरू होते. कोणत्या खाचराचे भात बियाण्याला राखायचे, हे त्याच वेळी ठरवायचे असते. मग बांध घालायचे, पालापाचोळा आणि शेण गोळा करायचे, उन्हात राब भाजायचे. पहिली सर येते तेव्हा निम्मे काम उरकलेले असते.

खेळाच्या संघाचेही असेच आहे. सामने चालतात तीन-चार आठवडे. ते आपण पाहतो, टाळ्या वाजवतो, हळहळतो आणि विसरतो. पण संघ घडतो तो उरलेल्या महिन्यांत. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, नवे कोण आणायचे आणि त्यांना शिकवायला कोणाला बसवायचे, हे चार प्रश्न त्या मोकळ्या काळात सुटतात किंवा बिघडतात. बायकांच्या व्यावसायिक संघाचे हे काम कसे चालते, ते आपण मुंबईच्याच एका उदाहरणावरून पाहू.

आपल्या देशात २०२३ साली महिला प्रीमियर लीग ही क्रिकेटची स्पर्धा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, बंगळूर, गुजरात आणि उत्तर प्रदेश असे पाच संघ तिच्यात उतरले. पहिला लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झाला. सांगलीच्या स्मृती मानधनासाठी बंगळूरने ३ कोटी ४० लाख रुपये मोजले, आणि त्या दिवशी तीच सर्वांत महाग खेळाडू ठरली. लिलाव हा शब्द कानाला खटकतो, हे खरे. इथे बोली लागते ती त्या खेळाडूच्या एका हंगामाच्या मानधनावर, एवढे लक्षात घ्या.

मुंबई इंडियन्सच्या महिला संघाने २६ मार्च २०२३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर दिल्लीला हरवून पहिलेच विजेतेपद मिळवले. १५ मार्च २०२५ रोजी त्याच मैदानावर, त्याच दिल्लीला ८ धावांनी हरवून त्याने दुसरे विजेतेपद घेतले. आता तुम्ही म्हणाल, असा जमलेला संघ मोडायचा कशाला? संघाच्या मनात मोडायचे नव्हतेच. पण नियमच तसा होता. तीन हंगाम झाल्यावर २७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत मोठा लिलाव ठेवला होता. त्याआधी प्रत्येक संघाने जास्तीत जास्त पाचच खेळाडू राखायच्या, बाकी सगळ्या मोकळ्या करायच्या. त्या पाचांत परदेशी दोनपेक्षा जास्त नकोत. आणि पाचही जागा भरायच्या, तर निदान एक मुलगी भारताकडून अजून न खेळलेली हवी. एकच संघ वर्षानुवर्षे सगळ्यांवर स्वार होऊ नये, म्हणून ही तजवीज असते.

नियमाबरोबर हिशेबही आला. प्रत्येक संघाच्या थैलीत १५ कोटी रुपये. राखलेल्या पहिल्या खेळाडूचे साडेतीन कोटी, दुसरीचे अडीच, तिसरीचे पावणेदोन, चौथीचा एक कोटी आणि पाचवीचे ५० लाख त्यातून वजा व्हायचे. मुंबईने इंग्लंडची नॅट सिव्हर-ब्रंट, कर्णधार हरमनप्रीत कौर, वेस्ट इंडीजची हेली मॅथ्यूज, अमनजोत कौर आणि तामिळनाडूची लहानगी यष्टिरक्षक जी. कमलिनी अशा पाच जणी राखल्या. बेरीज करून पाहा, सव्वानऊ कोटी होतात. राहिले पावणेसहा कोटी, आणि संघ पुरा करायला निदान आणखी दहा खेळाडू हव्या.

खरी अडचण इथेच होती. न्यूझीलंडची अमेलिया कर ही फिरकी गोलंदाज. २०२५ च्या हंगामात तिने १८ बळी घेतले होते. पण परदेशी दोन जागा सिव्हर-ब्रंट आणि मॅथ्यूज यांनी भरल्या होत्या, त्यामुळे करला सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. लिलावात तिचे नाव निघाले, तेव्हा मुंबईने तिच्या एकटीवर ३ कोटी रुपये घातले. म्हणजे शिल्लक रकमेतला अर्ध्याहून जास्त भाग एकाच नावावर गेला. पुढे हात आखडता घ्यावा लागला. तरी सजना सजीवन ७५ लाखांत, दक्षिण आफ्रिकेची वेगवान गोलंदाज शबनिम इस्माईल ६० लाखांत आणि बंगालची डावखुरी फिरकी गोलंदाज सायका इशाक ३० लाखांत अशा जुन्या सोबतिणी पुन्हा गोळा केल्या. यातली सायका पहिल्या लिलावात अवघ्या १० लाखांना मिळाली होती, आणि त्या पहिल्याच हंगामात तिने १५ बळी घेतले होते. पैसा आणि गुण यांची जोडी नेहमीच जुळते असे नाही, हे संघ बांधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शेजारच्या घरी मात्र अगदी उलटा विचार झाला. उत्तर प्रदेशच्या संघाने एकट्या श्वेता सेहरावतला राखले आणि साडेचौदा कोटी हाती ठेवून तो लिलावाला बसला. त्याच महिन्यात, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता, आणि त्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेली दीप्ती शर्मा याच उत्तर प्रदेशच्या संघातली. तिलाही त्यांनी सोडले होते! पण जुन्या संघाला एक हक्क असतो. दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली आपण द्यायला कबूल झाले, की खेळाडू परत घेता येते. मात्र त्याआधी समोरच्याला आकडा एकदा वाढवण्याची मुभा असते. दिल्लीने तो ३ कोटी २० लाखांवर नेला. उत्तर प्रदेशने तेवढे मोजले आणि दीप्ती घरी आली. ज्याने पाच खेळाडू राखल्या त्याच्याकडे हा हक्क उरत नाही, म्हणून मुंबईला करसाठी उघड्या बाजारातच झुंजावे लागले.

दोघांपैकी शहाणे कोण, असे विचाराल तर त्याला एक उत्तर नाही. ज्याच्या कणगीत पारखलेले बियाणे आहे त्याने ते राखावे. ज्याचे पीक दोन वर्षे बसले त्याने बियाणे बदलावे. चुकतो तो कोण? जो मागच्या हंगामाची मोजदाद न करताच कणगीचे तोंड उघडतो.

हे झाले खेळाडूंचे. आता शिकवणाऱ्यांकडे वळू. मुंबईच्या महिला संघाची पहिल्या हंगामापासूनची प्रमुख प्रशिक्षक इंग्लंडची माजी कर्णधार शार्लट एडवर्ड्स. तिच्या हाताखाली तीन हंगामांत दोन विजेतेपदे आली. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडने तिला आपल्या राष्ट्रीय महिला संघाची प्रशिक्षक नेमले, आणि मुंबईची जागा रिकामी झाली. त्या जागी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाची लिसा केटली आली. लॉर्ड्सच्या मैदानावर एकदिवसीय सामन्यात शतक झळकवणारी पहिली स्त्री तीच, सन १९९८. पुढे तिने इंग्लंडच्या महिला संघालाही शिकवले होते.

प्रशिक्षक बदलला म्हणजे काय काय बदलते? सकाळच्या सरावाची वेळ बदलते हे सर्वांत किरकोळ. नवा माणूस येतो तो आपली एक आखणी घेऊन येतो. कोणत्या षटकात कोणाच्या हाती चेंडू द्यायचा, कोणती मुलगी दडपणाखाली उभी राहते, कोणाला चार शब्द गोड बोलून चालते आणि कोणाला स्पष्ट सांगावे लागते, हे त्याला नव्याने हेरावे लागते. आणि तो लिलावाच्या आधी आला तर बरे. कारण ज्याला स्वयंपाक करायचा आहे त्यालाच बाजाराला पाठवावे, हा घरातला साधा नियम इथेही लागू पडतो. केटली सप्टेंबरात आली आणि लिलाव नोव्हेंबरात झाला, हे म्हणून महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट अशी, की सगळेच खांब एकदम हलवायचे नसतात. मुंबईत प्रमुख बदलली, पण हरमनप्रीतचे कर्णधारपद राहिले आणि सिव्हर-ब्रंटसारखी पारखलेली खेळाडू राहिली. नव्या गुरूला जुन्या घराची माहिती सांगणारे कोणी घरात असावे लागते. इतर संघांनीही त्या वर्षी आपापली वाट काढली. उत्तर प्रदेशने मुंबईचा माजी खेळाडू अभिषेक नायर याला आणले. बंगळूरने आपल्याच प्रशिक्षकवर्गातल्या मलोलन रंगराजनला वर चढवले. एकाने बाहेरचा माणूस पाहिला, दुसऱ्याने घरातला.

तिसरे काम शोधाचे, आणि तेच तुमच्या-आमच्या गावाला जवळचे आहे. जिची वर नोंद केली ती कमलिनी, डिसेंबर २०२४ च्या लिलावात मुंबईने तिला १ कोटी ६० लाखांना घेतले तेव्हा सोळा वर्षांची होती. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी भालाफेक आणि गोळाफेक करणारी मुलगी. क्रिकेटसाठी ती पार नागालँडकडून खेळायला गेली. २०२२ साली वीस षटकांच्या एका सामन्यात तिने १६२ धावा काढल्या, त्यानंतर भारताच्या संघात आली आणि २०२३ मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाने तिला घेतले. अशा मुली लिलावाच्या दिवशी सापडत नाहीत. मोकळ्या महिन्यांत राज्याराज्यांतली मैदाने हिंडणारी माणसे त्यांना हेरून ठेवतात.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. २०२५ च्या त्या लिलावात २७७ नावे होती आणि जागा ७३. म्हणजे दोनशेहून जास्त मुली त्या संध्याकाळी हात हलवत राहिल्या. त्यांचे पुढे काय? ज्यांना राज्याचा संघ आहे, रेल्वेसारखी नोकरी आहे, गावात सरावाला जागा आहे, त्या पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या राहतात. ज्यांना यातले काहीच नाही, त्यांचा खेळ तेथेच संपतो.

आपल्या कबड्डीचे पाहा. रायगड जिल्ह्यात या खेळाला काय मान आहे, ते मी सांगायला नको. २०१२ साली पाटण्याला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला दुसराही विश्वचषक आपल्याच मुलींनी जिंकला. २०१६ साली पुरुषांच्या प्रो कबड्डीबरोबर मुलींच्या तीन संघांची एक स्पर्धा भरवली होती. ३१ जुलैला हैदराबादेत अंतिम सामना झाला. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असे, एका गुणाने हरवले. यापेक्षा रंगतदार सामना कोणता हवा? पण त्या प्रयोगाला दुसरा हंगाम लाभला नाही. आणि ज्या संघाला पुढचा हंगाम नाही, त्याला मधला काळही नाही. राखायचे कोणाला आणि शिकवायचे कशासाठी? पैशापेक्षाही पुढच्या सामन्याची तारीख ही संघाची पहिली गरज आहे.

हे सारे आपल्या शाळेच्या, वाडीच्या मुलींच्या संघाला कसे लावायचे? तुमच्याकडे कोटी नसतील, पण तेच चार प्रश्न तुमच्यापुढेही आहेत.

पहिले, स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत वहीत लिहून काढा. कोणती मुलगी कशात चांगली, कोण कोठे कमी पडली, सामना कोणत्या क्षणी हातचा गेला. दोन महिन्यांनी स्मरणावर विसंबाल तर फक्त शेवटचा सामना आठवेल.

दुसरे, पुढच्या वर्षी कोण असणार नाही, हे आजच मोजा. गावातला मुलींचा संघ हरल्यामुळे क्वचितच मोडतो. तो मोडतो दहावीची परीक्षा झाली म्हणून, मुलगी शिक्षणाला महाडला किंवा मुंबईला गेली म्हणून, लग्न ठरले म्हणून. दहावीतल्या चार मुली जाणार असतील, तर सातवी-आठवीतल्या सहा जणी आजपासून मैदानात हव्या. आवण तयार नसेल तर लावणी कशाची करणार?

तिसरे, शिकवणारा एकच माणूस असू देऊ नका. बदली झालेल्या शिक्षकाबरोबर संघही जातो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. संघातून बाहेर पडलेली, गावातच राहणारी एखादी थोरली मुलगी मदतनीस म्हणून तयार करा. लहान मुलींच्या घरी जाऊन "ताई, संध्याकाळी मी स्वतः हिला घरी सोडीन" असे त्यांच्या आईला तीच सांगू शकते, आणि त्या एका वाक्यावर पुष्कळदा परवानगी मिळते.

चौथे, पावसाळा वाया घालवू नका. मैदान भिजले तरी समाजमंदिराच्या ओटीवर दोरीवरच्या उड्या होतात, बैठका होतात, नियम समजावून सांगता येतात.

आणि शेवटचे, पण सर्वांत आधी करायचे: पुढच्या स्पर्धेची तारीख ठरवून ती शाळेच्या फळ्यावर लिहा. शेजारच्या दोन गावांचे संघ बोलावले तरी पुरे. तारीख दिसली की मुलगी सराव सोडत नाही, आणि तिच्या घरच्यांनाही ती कशासाठी जाते ते सांगता येते.