पारी गेली, सारण उरलं

इंग्लंडच्या सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे. तिथे काही मंडळी चक्क मठाच्या भिंतीत राहतात! मठाच्या सुमारे पाचशे फूट लांबीच्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा धड उरला होता. त्याच्या अजस्र कमानींत पुढच्या पिढ्यांनी खिडक्या, दारं, धुराडी बसवून घरं थाटली. भाडं किती असेल, देव जाणे.

बाकीच्या भिंती मात्र ओबडधोबड. कारण १५३९ साली आठव्या हेन्रीनं मठ बंद केला आणि गावकऱ्यांनी घडीव दगड काढून नेऊन आपल्या बांधकामांना लावले. उरली ती भिंतीच्या पोटातली गारगोट्या-चुन्याची भर. पारी खाऊन सारण ताटात ठेवलेल्या करंजीसारखी तिची अवस्था. याच हेन्रीची बहीण मेरी, एकेकाळची फ्रान्सची राणी, त्याआधी सहाच वर्षं या मठात पुरली गेली होती. मग तिलाही हलवावं लागलं, शेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये.

मठाचा थाट ज्याच्या नावावर, तो एडमंड राजा ८६९ साली डेन लोकांच्या हातून मारला गेला. आख्यायिका अशी, की त्याचं तुटलेलं डोकं एक लांडगा राखत बसला होता आणि शोधायला आलेल्यांना ते डोकंच ‘इथे, इथे!’ अशा हाका घालत होतं. लांडग्यापेक्षा मला पुढची गोष्ट भारी वाटते: १०२० साली इथे मठाची स्थापना केली ती कनूट राजानं, आणि हा कनूट स्वतः डेन!

साधू आणि गावकरी यांचं मात्र कधी पटलं नाही. गावावर, बाजारावर सत्ता मठाधिपतीची. १३२७ मध्ये लोकांनी मठावर हल्ला चढवला, लूटमार केली, मठाचा दरवाजाही गेला. मग नवा दरवाजा बांधताना साधूंनी अक्कल वापरली. समोर मूर्तींसाठी सुबक कोनाडे, आणि त्यांच्या आड बाण सोडायच्या फटी! हा दरवाजा आजही धडधाकट उभा आहे.

आणि खुद्द एडमंड? मठ मोडला तेव्हापासून तिथे असलेल्या त्याच्या अस्थींचा पत्ता नाही. काही इतिहासकारांचा संशय जातो साधूंच्या जुन्या दफनभूमीवर. तिथे पुढे बरीच वर्षं लोक टेनिस खेळत होते.