काळ्या जमिनीत गुलाबी वेलगुलाब

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागांतील भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. वेलगुलाबास दोन्ही बाधक होत. म्हणून परसात पूर्वाभिमुख भिंतीपासून दीड फुटावर, जागा अर्धा फूट उंच करून, दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा आणि तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी.

या वेलीस तणावे नसतात. ती बांधावीच लागते. उभ्या वाढू दिलेल्या फांदीस फुले बहुधा शेंड्यालाच येतात. तीच आडवी वाकवून तारेस सुतळीने सैल बांधली, की डोळ्याडोळ्यातून आखूड फुटवे निघून त्यांवर फुले लागतात.

ऑक्टोबरात झुडपी गुलाबाबरोबर हिचीही सरसकट छाटणी करण्याचा प्रघात पडला आहे, तो सोडावा. वाळलेल्या व जीर्ण फांद्याच तेवढ्या काढाव्या. कापावर बोर्डो मलम लावावे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना व १ लिटर पाणी, भांडे धातूचे नसावे.

‘गुलाबी फुले जाऊन भलतीच आली’ अशी तक्रार आल्यास प्रथम कलमाचा जोड पाहावा. जोडाखालून खुंटाचे धुमारे वाढून त्यांनी कलम दडपलेले असते. ते मुळाशी ओढून काढावे. वरून कापल्यास पुन्हा फुटतात.

कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही असे समजावे. अशा वेलीस न्हाणीचे साबणयुक्त पाणी देऊ नये.